खुलाशाची मुदत

रोहिणीने तिसरा लिफाफा उघडला, आणि माऊसवरचा तिचा हात जागीच थांबला.

लिफाफा म्हणजे पडद्यावरची एक चौकट. तिच्यात आकडा उमटला होता: किलोस एकशे शेहेचाळीस रुपये पन्नास पैसे. पहिल्या लिफाफ्यात हाच आकडा होता, दुसऱ्यातही हाच. मग उघडलेला चौथा लिफाफा दूरच्या शहरातील एका व्यापारी कंपनीचा होता आणि त्यातला दर सात रुपयांनी अधिक होता. सारख्या आकड्यांच्या खाली पोर्टलने आपल्या नित्याच्या निर्विकार भाषेत एक तांबडी ओळ लिहिली होती. संगनमताचा संशय: तिन्ही निविदा एकाच संगणकावरून, चाळीस मिनिटांच्या आत भरलेल्या आहेत.

शेजारच्या टेबलावरून रमेशने मान लांब केली. तो पेणच्या या खरेदी शाखेतला जुना लिपिक.

“मॅडम, हे तिघे एकाच ताटात जेवतात वाटतं.”

“तिघी,” रोहिणी म्हणाली. “बचत गट आहेत. बायकांचे.”

“बायकांचे असले म्हणून काय झालं? आमच्या घरी आई नि बायको एकमेकींचं तोंड बघत नाहीत. पण मी गावी जायला नाही म्हटलं, की दोघींचा दर एकच.”

तो आपल्याच बोलण्यावर हसला. रोहिणी हसली नाही. त्या तीन गटांची नावे तिने पुन्हा वाचली. वाचण्याची आवश्यकता नव्हती. तिन्ही गट तिच्याच गावचे होते.

निविदा कडव्या वालांची होती. पेणपासून रोह्यापर्यंतच्या सरकारी निवासी शाळांत जी मुले राहतात, त्यांच्या वर्षभराच्या जेवणासाठी. पूर्वी प्रत्येक मुख्याध्यापक जवळच्या गावातून पोती आणवीत असे आणि पावतीवर सही करीत असे. त्या पद्धतीत जिव्हाळा होता, तसाच लबाडीलाही वाव होता. कोणाच्या मेहुण्याचे दुकान असे, कोणाच्या भाच्याचा टेम्पो. पुढे देशभरातली सरकारी खरेदी संगणकावर आली. टाचणीपासून लोखंडी खाटेपर्यंत जे काही सरकारला हवे, ते आता सर्वांसमोर मागितले जाई आणि सर्वांसमोर दिले जाई. या व्यवस्थेविषयी रोहिणीच्या मनात जवळजवळ पूज्यभाव होता. पोर्टल कोणाचे तोंड पाहत नाही, कोणाच्या घरचा चहा पीत नाही, हे तिला फार मोलाचे वाटे.

गेल्या वर्षी खांबला, आपल्या गावच्या शाळेत, बचत गटांच्या बायकांसमोर ती हेच बोलली होती. “इथं ओळख लागत नाही. खांबच्या बाईला आणि मुंबईच्या शेठला एकच दार आहे.” पहिल्या रांगेत बसलेल्या गिरजाबाईंनी तेव्हा मोठ्या समाधानाने मान हलवली होती. रोहिणीच्या माहेरच्या घराला लागून त्यांचे घर. निविदा कशी भरावी, कागद कोणते जोडावे, हे सारे रोहिणीने त्या दिवशी समजावले. संगनमताविषयी मात्र ती काही बोलली नाही. तो शब्द नियमावलीत व्यापाऱ्यांसाठी लिहिलेला आहे, असे तिला वाटले होते.

आता तो शब्द तिच्यासमोर तांबड्या अक्षरांत उभा होता आणि त्याचा खरा अर्थ त्या कार्यालयात केवळ तिला ठाऊक होता.

तिच्या गावात भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरतात. शिमग्याच्या आधी ते घरी येतात. मग एका सकाळी साऱ्या घरांची माणसे एका अंगणात जमतात, आणि गावाने ज्याला मान दिला आहे असा एक वडीलधारा त्या वर्षीचा भाव बोलतो. एकदाच बोलतो. बायका समोरच्या राशीला हात लावून “व्हय” म्हणतात. त्यानंतर कोणतेही घर त्या भावाच्या खाली विकत नाही. फार पूर्वी बाहेरचे व्यापारी एका घरचा भाव दुसऱ्या घरी सांगून सगळ्यांनाच खाली उतरवीत. तेव्हा गावाने हा निर्बंध स्वतःवर घालून घेतला. शेजारणीपेक्षा आठ आणे कमी घेणे हे त्या गावात चोरीहून हलके मानले जात नाही. लहानपणी रोहिणीने स्वतः त्या राशीला हात लावला होता.

तेव्हा तिघींनी तीन वेगळे दर भरले असते, तरच गावाला नवल वाटले असते. आणि एकच संगणक का, याचे उत्तर त्याहून साधे होते. तिघी एका मिनीडोर रिक्षातून कोलाडच्या सेवा केंद्रावर गेल्या असणार.

ती साहेबांकडे गेली. साहेब निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी छापील प्रत चष्मा वर करून पाहिली.

“तिघांना नोटीस पाठवा. अठ्ठेचाळीस तासांत खुलासा. समाधानकारक असला तर स्वीकारता येतो, तशी तरतूद आहे. नाही आला, तर तिघे बाद आणि दोन वर्षं बंदी.”

“साहेब, मी त्याच गावची आहे.”

“नात्यात आहे कोणी?”

“नाही.”

“मग झालं. नात्यात नसल्याचं प्रतिज्ञापत्र तुम्ही दिलंच आहे.” ते थोडे थांबले. “गावच्या आहात, तर तुम्हांला काही माहीत असेल. असलं, तर शेऱ्यात दोन ओळी लिहा. मी वाचीन.”

रोहिणीच्या डोळ्यांसमोर आधीच्या खरेदी सहायकाचे रिकामे टेबल आले. त्याने आपल्या गावच्या एका सुताराला बाके दिली होती. बाके उत्तम होती, तरी एका निनावी पत्राने त्याची बदली झाली आणि अजूनही चहाच्या वेळी त्याचे नाव निघाले की लोक डोळे मिचकावीत. तिने साहेबांच्या हातून कागद घेतला आणि त्याच्या कडा जुळवल्या.

“माझ्या माहितीचं असं काही नाही, साहेब.”

शुक्रवारी अकरा वाजता नोटीस गेली. समान दर कसा ठरला, कोणी ठरवला, निविदा एका संगणकावरून का भरल्या, याचा मुदतीत खुलासा करावा. नोटीस ईमेलवर जाते. तिन्ही गटांनी एकच ईमेल दिला होता, गिरजाबाईंच्या सुनेचा, दिपिकाचा. त्याखाली तिचा दूरध्वनी क्रमांकही होता.

तो क्रमांक रोहिणीने पाहिला. बोलीदारांशी सर्व संपर्क पोर्टलवरूनच व्हावा, असा नियम आहे. दिपिका ईमेल रोज उघडत नसेल, हे तिला दिसत होते. ‘ईमेल बघ’ एवढे दोन शब्द सांगण्याने नियमाला कितीसा धक्का लागला असता, असेही तिच्या मनात आले. तिने फोन उचलला, रमेशकडे पाहिले आणि तो टेबलावर पालथा ठेवला.

शनिवारी सुट्टी होती. पेणच्या रामवाडीतल्या आपल्या घरी तिने पडदे धुतले, माळ्यावरची भांडी काढून घासली आणि पुन्हा माळ्यावर ठेवली. दुपारी तिने पोर्टल उघडून पाहिले. खुलाशाची चौकट रिकामी होती. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. हैबतराव नेहमीप्रमाणे गुडघ्याविषयी बोलले, आंब्याविषयी बोलले आणि बोलता बोलता थांबले. ती काही विचारील अशी वाट पाहत असल्यासारखे ते थांबले होते. “ठेवू?” तिने विचारले. “ठेव,” ते म्हणाले.

रविवारी अकरा वाजता चौकट करडी झाली.

सोमवारी तीन निविदा बाद झाल्या. आदेशावर साहेबांची सही झाली, तेव्हा त्यांनी शेऱ्याच्या कोऱ्या जागेकडे क्षणभर पाहिले आणि पान उलटले. वालांचा पुरवठा चौथ्या लिफाफ्यातल्या कंपनीकडे गेला.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, कार्यालयाच्या दारात दोन बायका उभ्या राहिल्या. पुढे गिरजाबाई, इस्त्रीचे लुगडे नेसून. त्यांच्या मागे पारी. नदीकाठच्या कातकरी वाडीतली पारी इतकी वर्षे दुसऱ्यांच्या शेतात वाल उपटायला जात असे. यंदा वाडीतल्या अकरा जणींनी मिळून शेत अर्धेलीने, निम्म्या पिकाच्या बोलीवर, घेतले होते, आणि त्यांच्या गटाचे नाव प्रथमच कोठे लिहिले गेले होते ते त्या निविदेवर.

“आत या ना, काकी,” रोहिणी उठून म्हणाली. “पारी, ये. बसा.”

“मी उभीच बरी,” पारी म्हणाली. “ही खुर्ची गोल फिरते. मागच्या टायमाला तालुक्याला मी पडले होते.”

“पडली नाय, त्या सायबाच्या मांडीवर बसली,” गिरजाबाई म्हणाल्या. “बस गो गप.”

पारी खुर्चीच्या कडेला बसली. रमेशने दोघींपुढे पाणी ठेवले आणि तो फायलींमध्ये डोके घालून कान इकडे ठेवून राहिला.

“मी काय भांडायला नाय आले, बाय,” गिरजाबाईंनी सुरुवात केली. “आमचं काय, माझ्या नि मालूच्या गटाचं, बंद झालं तरी चालंल. आमी आपल्या अंगणात विकू. पण हिचं नाव तेवढं काढ त्यातून. वाडीवरच्या बायकांचं पयलंच साल. पयल्याच पावलाला सरकारनं लबाड म्हटलं, तर पुन्हा त्या कागदाला हात लावायच्या नायत.”

“मी म्हटलं होतं नको,” पारी म्हणाली. “हिनंच वढून आणलं. गाडीभाडं बी हिनंच दिलं.”

“मग देणार कोण? तुझा नवरा?”

“तो कशाला देतोय! तो म्हणतो, बरं झालं, आता घरी बस.”

दोघी हसल्या. हसणे ओसरल्यावर पारी रोहिणीकडे न पाहता म्हणाली, “माझी दर्शना तिथंच हाय, रोह्याच्या शाळेत, वसतिगृहात. तिला मी सांगून बसले होते, यंदा ताटात पडतील ते आपले वाल. आता काय सांगायचं ते तू सांग.”

रोहिणीने टेबलावरचे पेन उचलून आडवे ठेवले, मग उभे ठेवले.

“काकी, आता माझ्या हातात काही नाही. आदेश निघाला.” तिचा आवाज तिलाच कोरडा वाटला. “तुम्ही खुलासा द्यायला हवा होता. दोन दिवस होते. चार ओळी लिहिल्या असत्या, आपल्याकडे भाव कसा ठरतो ते, तरी पुरलं असतं. साहेब चांगले आहेत. नोटीस आली होती हो तुम्हांला.”

“आली की.”

“म्हणजे? पाहिली होती?”

“शुक्रवारीच पायली,” गिरजाबाई म्हणाल्या. “दिपिकानं मोठ्यानं वाचून दाखवली. ती पोर दिसातनं धा वेळा त्यात बघायची. आमी समद्या बसलो नि लिवून बी काढलं.”

“मग पाठवलं का नाही?”

गिरजाबाईंनी पारीकडे पाहिले. पारीने पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि पुन्हा सोडले.

“त्यात इचारलं होतं, भाव कुणी ठरवला,” गिरजाबाई हळू म्हणाल्या. “भाव बोलणारे शिवातात्या दिवाळीत गेले. यंदा मान तुझ्या बाबांना दिला. तुला नाय सांगितलं त्यांनी?”

रोहिणीने नाही म्हणून मान हलवली. पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचा एक कागद उडाला. तो कोणी उचलला नाही.

“तुला हापिसातलं बोललेलं आवडत नाय, म्हणून नसंल सांगितलं. मग आमी काय करायचं गो? खरं लिवायचं तर हैबतदादांचं नाव लिवायचं. लेक हापिसात निविदा उघडते नि बाप भाव ठरवतो. लोक काय बोलले असते? नि दुसऱ्याचं नाव घालायचं, तर ते खोटं. दादा तर म्हणत होते, लिवा माझं नाव. आमीच म्हटलं, थांबा.”

“मला विचारायचं तरी,” रोहिणी म्हणाली.

“इचारणार कसं? आमी फोन केला असता तर तुझ्यावर बालंट. म्हटलं, हे समदं तिच्याच टेबलावरनं आलंय. तिला माहीत हाय. तिला वाटलं तर ती करील फोन. फोन आला तर पाठवायचं.” गिरजाबाईंचा स्वर पूर्वीइतकाच मऊ होता. “दोन दिस दिपिकानं फोन हातातनं सोडला नाय. भाकऱ्या करताना बी चुलीच्या वरल्या फळीवर.”

“रविवारच्याला तर वाडीवरच्या समद्या येऊन बसल्या होत्या,” पारी म्हणाली. “शाळेच्या निकालाला बसतात तशा.”

“नाय आला फोन. तेव्हा समजलो, तुला नको असंल. बापाचं नाव कागदावर यायला नको असंल.” गिरजाबाई उठल्या. उठताना त्यांनी टेबलावर हात टेकला, आणि मग तोच हात रोहिणीच्या हातावर ठेवला. “बरं झालं गो. तू गप राहिलीस म्हणून आमाला कळलं तरी. नायतर पाठवून बसलो असतो नि तुझं नुकसान झालं असतं.”

रोहिणीला काही सांगायचे होते. वडिलांचे नाव तिला ठाऊकच नव्हते, हे सांगायचे होते. ती गप्प राहिली ती वडिलांसाठी नव्हे, स्वतःसाठी, हेही सांगायचे होते. पण ते सांगितले तर या दोघींनी तिच्याविषयीचा जो विश्वास मनाशी जपून पेणपर्यंत आणला होता, त्याचे काय होईल, हे तिला कळेना. ती त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली.

“हिच्या नावाचं जमतंय का बघ,” गिरजाबाई जाता जाता म्हणाल्या.

“पुढच्या खेपेला भाव येगळा लावायचा असतो म्हणे,” पारी म्हणाली. “मग मीच कमी बोलीन. माझ्या घराला असं काय मोठं नाक हाय.”

“गप बस. तू कमी बोललीस तर मालू तुझ्या दारात पानी पिनार नाय.”

“आता तरी कुठं पिते!”

रोह्याच्या गाडीला अजून अवकाश होता, तरी स्थानकावर जाऊन बसतो म्हणून त्या निघाल्या. त्यांचे आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होते.

रोहिणी परत आपल्या टेबलाशी आली नाही. कार्यालयाच्या मागे, जेथे जुनी कपाटे गंजत पडली आहेत, तेथे भिंतीच्या सावलीत ती उभी राहिली. दिपिकाचा क्रमांक तिला शोधावा लागला नाही. त्या शुक्रवारपासून तो तिला पाठ होता.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

“ताई?” दिपिकाचा आवाज दचकलेला होता. “सासूबाई पोचल्या ना? त्यांना काही...”

“बऱ्या आहेत. आत्ताच निघाल्या.” रोहिणी थांबली. “दिपिका, तू तेव्हा जे लिहिलं होतंस, ते आहे अजून?”

“हाय की. पुसलं नाय मी.”

“मला वाचून दाखव.”

“आता? त्याची मुदत...”

“मुदत संपली. तू वाच.”

मग दिपिका वाचू लागली. शाळेत धडा वाचावा तशी, प्रत्येक विरामचिन्हावर श्वास घेत.

“माननीय महोदय. आम्ही तीन गटांनी एकच भाव भरला, कारण आमच्या गावात शेजारणीला पाडून कोणी विकत नाही. भाव गावाने मिळून ठरवला व तो श्री. हैबतराव यांनी सर्वांसमोर बोलून दाखवला. त्यांची मुलगी आपल्या कार्यालयात आहे, पण तिला हे माहीत नाही. आम्ही एका गाडीने एका केंद्रावर गेलो, कारण तीन गाड्या परवडत नाहीत. यात आमची चूक झाली असल्यास बरोबर कसे भरायचे ते कळवावे, म्हणजे आम्ही तसे भरू.”

वाचन थांबले. एका गंजलेल्या कपाटाच्या दारावर कावळा येऊन बसला, त्याने इकडेतिकडे पाहिले आणि तो उडून गेला.

“एवढंच हाय, ताई,” दिपिका म्हणाली. “बरोबर होतं का?”

रोहिणीने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

“पुन्हा एकदा वाच,” ती म्हणाली.